मराकेश पहिल्यांदा बघताना: राजवाडे, बाजार आणि बागा

मोरोक्कोतल्या मराकेशच्या जुन्या शहराला बाहेरून चेहरा असा नाहीच. तांबूस मातीच्या उंच भिंती, रस्त्याकडे खिडक्या जवळजवळ नाहीत, दार असलंच तर वाकून आत जायचं. वजिराच्या वाड्याची भिंत आणि शेजारच्या साध्या घराची भिंत दिसायला सारखीच. जे काय आहे ते आत. त्यामुळे नुसतं रस्त्याने हिंडून हे शहर दिसत नाही. कोणत्या दारातून आणि किती वाजता आत शिरायचं हे आधी ठरवलं तर ठीक, नाहीतर दिवसभर तंगडतोड करून भिंती बघून परत. पुढचं सगळं पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे, आणि हाताशी तीन पूर्ण दिवस आहेत असं धरलं आहे.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर मोरोक्कोला व्हिसा लागतो. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा कोणाच्या सांगोवांगीवर न जाता सरकारी संकेतस्थळ बघा. मुंबईहून बरेच जण आखाती देशात किंवा युरोपात विमान बदलून कासाब्लांकाला उतरतात आणि तिथून रेल्वेने तीनेक तासांत मराकेशला पोचतात. युरोपात राहणाऱ्यांचं काम सोपं, मोठ्या शहरांतून थेट मराकेशला विमानं आहेत.

मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे जायचे महिने. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, बागेतसुद्धा जीव नकोसा होतो. डिसेंबर-जानेवारीत दिवस छान असतात, पण रात्री चांगलंच गारठायला होतं आणि जुन्या घरांत ऊब बेताचीच. स्वेटर असू द्या. रमजानमध्ये गेलात तर दिवसा खाण्याचे वांधे, स्थळांच्या वेळा बदललेल्या, पण सूर्यास्तानंतर शहराला जी जाग येते ती इतर वेळी दिसायची नाही.

दिरहम, म्हणजे तिथलं चलन, भारतात सहसा मिळत नाही. विमानतळावर थोडे बदलून घ्या, बाकीचे एटीएममधून काढा. एक दिरहम साधारण नऊ-दहा रुपयांच्या आसपास धरा. आणि सुट्टे जपा. ज्यूसवाला, टॅक्सीवाला, शौचालयाबाहेरची बाई, सगळ्यांना नाणी लागतात आणि दोनशेची नोट पाहिली की कोणाकडेच सुट्टे नसतात.

राहायला मदिनेतलं, म्हणजे तटबंदीच्या आतलं रियाद घ्या. रियाद म्हणजे आपल्याकडच्या चौकाच्या वाड्यासारखं घर: मध्ये उघडा चौक, त्यात कारंजं नाहीतर लिंबा-संत्र्याची झाडं, चारी बाजूंनी खोल्या, वर गच्ची. दाराशी गाडी येत नाही. टॅक्सी जवळच्या वेशीपर्यंत जाते, पुढे पायी. म्हणून आरक्षण करतानाच "वेशीपाशी माणूस पाठवा" असं कळवून ठेवा. पहिल्या रात्री सामान घेऊन बोळांत घर शोधायच्या भानगडीत पडू नका.

छोट्या टॅक्सीत तीनच प्रवासी बसतात. चौघांचं कुटुंब असेल तर दोन टॅक्सी कराव्या लागतात, त्यावर वाद घालून उपयोग नाही. बसण्याआधी मीटर टाकायला सांगा. नाहीच म्हणाला तर दुसरी टॅक्सी, त्या रस्त्यावर त्यांना तोटा नाही. रात्रीचा दर दीडपट असतो, ती फसवणूक नव्हे.

बोळांत चालायची रीत

आधी कुतुबिया मशिदीचा मिनार डोळ्यांत भरून घ्या. बाराव्या शतकातला, सुमारे ७७ मीटर उंच, आणि मदिनेत त्याच्यापेक्षा उंच काही नसल्यामुळे गच्चीवरून किंवा मोकळ्या जागेतून हमखास दिसतो. पश्चिम कुठली हे त्यावरून कळतं. मशिदीत मात्र मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. कुतुबियातच नव्हे, शहरातल्या कुठल्याही मशिदीत. दाराशी उभं राहून आत डोकावत बसू नका, भोवतीच्या बागेतून बघा.

फोनमध्ये नकाशा उतरवून ठेवा, पण त्यावर फार विसंबू नका. छप्पर घातलेल्या बाजारांत ठिपका भलतीकडेच दाखवतो. "दर्ब" लिहिलेली गल्ली दिसली तर ती बहुधा पुढे बंद असते. उजवीकडून चाला, आणि मागून "बालाक!" अशी आरोळी आली की मागे न बघता भिंतीला चिकटा, खेचराची गाडी नाहीतर मोटारसायकल येत असते, आणि मोटारसायकलवाले आरोळीही देतीलच असं नाही.

"हा रस्ता बंद आहे", "राजवाडा आज बंद आहे", "आज चामड्याच्या बाजारात खास दिवस आहे, चला दाखवतो" ही तीन वाक्यं रोज ऐकू येतील. रस्ता बंद नसतो, राजवाडाही बहुधा उघडाच असतो. "ला, शुक्रान" (नको, धन्यवाद) म्हणायचं आणि चालत राहायचं. थांबलात की संपलं. वाट खरंच चुकली तर आपण होऊन मदतीला आलेल्या तरुणाला न विचारता दुकानात बसलेल्या माणसाला विचारा. तो दुकान सोडून तुमच्या मागे येणार नाही. अधिकृत वाटाड्या हवा असेल तर रियादमधून मिळतो, त्याच्याकडे ओळखपत्र असतं.

पहिला दिवस: दक्षिणेकडचे राजवाडे

राजवाडे सगळे मदिनेच्या दक्षिणेला, एकमेकांपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. तिकिटं प्रत्येकी ५० ते १०० दिरहमच्या घरात, भाव वाढत असतात. ८ सप्टेंबर २०२३च्या भूकंपात इथल्या जुन्या वास्तूंना तडे गेले, दुरुस्तीसाठी एखादा भाग बंद असू शकतो. आदल्या रात्री रियादमध्ये विचारून घ्या.

सकाळी उघडता उघडता बहिया गाठा. नऊनंतर बसभर माणसं येऊ लागतात आणि मग छत बघायला मान वर केली की मागून कोणीतरी ढकलतं. हा राजाचा नव्हे, वजिरांचा वाडा. १८६०च्या दशकात सी मूसा या वजिराने बांधायला घेतला आणि त्याच्या मुलाने, बा अहमदने, १८९४ ते १९०० या काळात वाढवला. तेव्हा सुलतान अब्देलअझीझ पोरसवदा होता आणि कारभार खरा बा अहमदच्या हातात. शेजारची घरं जशी विकत मिळत गेली तशी तो वाड्याला जोडत गेला, म्हणून आतला नकाशा असा गुंतागुंतीचा. चौकातून खोलीत, खोलीतून बोळात, बोळातून पुन्हा दुसऱ्याच चौकात. तो १९०० मध्ये मेला आणि वाडा लगेच लुटला गेला. म्हणून आज खोल्यांत सामानसुमान काही नाही. आहे ते जमिनीवर, भिंतीवर आणि छतावर.

तेच नीट बघा. एका खोलीत पाच मिनिटं थांबा आणि नजर खालून वर न्या. कमरेपर्यंत झेलीज, म्हणजे भाजलेल्या रंगीत फरशीचे हाताने छिनलेले तुकडे. नखाएवढे तारे, पट्ट्या, चौकोन. एकेक वेगळा कापून चुन्यात बसवलेला. त्याच्या वर गच, म्हणजे गिलावा, ओला असतानाच कोरलेला, जाळीसारखा. आणि त्याच्याही वर देवदाराचं छत, केशरी-हिरव्या-निळ्या रंगांत फुलं काढलेलं. हीच उतरंड शहरातल्या प्रत्येक जुन्या इमारतीत आहे. बहियात ती एकदा डोळ्यांत बसली की पुढची ठिकाणं निम्म्या वेळात आणि दुप्पट कळतात.

तिथून कथिलकाम करणाऱ्या लोहारांचा चौक ओलांडून एल बादी. इथे बरेच जण निराश होतात, कारण समोर उघडीबोडकी मातीची तटभिंत आणि करकोच्यांची घरटी. पण मला विचाराल तर बहियापेक्षा हीच जागा जास्त वेळ मागणारी आहे, आणि आपल्याकडच्या माणसाला तर तिचा एक धागा थेट गोव्याला जाऊन लागतो. ४ ऑगस्ट १५७८ रोजी उत्तर मोरोक्कोत क्सार एल-केबिरपाशी पोर्तुगालचा तरुण राजा सबॅस्टियन फौजेसकट लढाईत उतरला आणि मारला गेला. त्याला मूलबाळ नव्हतं. दोन वर्षांत पोर्तुगालचं सिंहासन स्पेनच्या राजाकडे गेलं, ते १६४० पर्यंत. म्हणजे तेवढा काळ गोव्याचा धनीही स्पेनचाच राजा. इकडे मोरोक्कोत त्याच लढाईनंतर गादीवर आला तो सादी घराण्यातला अहमद अल-मन्सूर. कैद केलेल्या पोर्तुगीज सरदारांच्या खंडणीचा पैसा हाताशी होताच, त्याने त्याच वर्षी हा राजवाडा बांधायला काढला. इटलीहून संगमरवर आला, आणि तो साखरेच्या मोबदल्यात, वजनाला वजन, घेतला असं सांगतात. सुमारे १३५ मीटर लांबीचं पटांगण, मधे मोठा हौद, चार खोलगट बागा. बागा मुद्दाम खाली, म्हणजे वरून चालताना संत्र्याच्या झाडांचे शेंडे पायाशी लागावेत.

मग शंभरेक वर्षांनी मौलाय इस्माईल आला, त्याने राजधानी मेकनेसला नेली आणि एल बादीचा संगमरवर, फरशा, लाकूड सगळं उपसून तिकडे लावलं. उरला तो सांगाडा. बुरुजावर चढायला मिळालं तर चढा, तिथून सगळी मदिना सपाट दिसते. आतल्या एका दालनात कुतुबिया मशिदीचं जुनं मिंबर, म्हणजे धर्मोपदेशकाचं व्यासपीठ ठेवलं आहे. बाराव्या शतकात स्पेनमधल्या कॉर्डोव्यात घडवलेलं, लाकडात बारीक जडावाचं. ते चुकवू नका.

दुपारी उन्हं चढली की सादी थडगी. याच मौलाय इस्माईलने ती भिंत घालून बंद केली होती. १९१७ मध्ये फ्रेंचांच्या हवाई पाहणीत ती पुन्हा नजरेस आली. आत जायचा बोळ एका माणसापुरता आहे आणि बारा खांबांच्या दालनापुढे रांग लागते. आत शिरता येत नाही, उंबऱ्यावरून बघायचं, त्यामुळे रांग सरकायला वेळ लागतो. फार मोठी असेल तर खुशाल सोडून द्या. वाटेत सध्याच्या राजाचा राजवाडा लागतो. तो बघायला खुला नाही, आणि पहारेकऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत.

पाय चालत असतील तर परतताना मेलाहमधून या, म्हणजे जुन्या यहुदी वस्तीतून. ती सोळाव्या शतकात वसवलेली. लझामा सिनेगॉग अजून आहे, निळ्या-पांढऱ्या चौकाचं.

दुसरा दिवस: बाजार

बाजाराला सूक म्हणतात आणि ते जामा एल-फना या मदिनेतल्या मुख्य चौकाच्या उत्तरेला सुरू होतात. दहाच्या आधी जाऊन उपयोग नाही, निम्म्या फळ्या लागलेल्या असतात. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी बरीच दुकानं बंद, तो दिवस टाळा.

पण त्याआधी एक काम करा. कुतुबियाजवळच्या मोहम्मद पाचवा मार्गावर सरकारी हस्तकला केंद्र आहे. तिथे भाव ठरलेले असतात. चपला, दिवे, चामड्याच्या पिशव्या यांचे भाव डोक्यात ठेवा, मग बाजारात शिरा. कशाचं काय पडतं हे माहीत असलं की घासाघीस करायला मजा येते, नाहीतर नुसता घाम येतो.

सूक सेम्मारीन हा मुख्य रस्ता. सरळ चालत राहा. उजवीकडे रहबा केदिमा, म्हणजे मसाल्यांचा चौक. त्याच्या लगतच क्रिए बेर्बेर, आता गालिचांचा बाजार; विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे गुलामांचे लिलाव होत. पुढे रस्ता फुटतो आणि धंद्याप्रमाणे गल्ल्या सुरू होतात: चपलांची, चामड्याची, रंगाऱ्यांची, लोहारांची. रंगाऱ्यांच्या सूकमध्ये डोक्यावर रंगीत लोकरीच्या लडी वाळत घातलेल्या असतात, फोटोसाठी तीच जागा सगळ्यांना माहीत आहे. मला विचाराल तर लोहारांची गल्ली खरी. तिथे अजून काम चालतं, नुसती विक्री नव्हे.

लाकूडकाम करणाऱ्यांपाशी जरूर थांबा. कारागीर जमिनीवर बसतो. उजव्या हातात धनुष्यासारखी दोरी लावलेली काठी, ती पुढे-मागे ओढली की समोरचा लाकडाचा तुकडा गरगर फिरतो. पटाशी डाव्या हातात, आणि तिचं टोक उजव्या पायाच्या अंगठ्याने धरलेलं. दोन मिनिटांत बुद्धिबळाचा प्यादा तयार. बहुतेक कारागीर शेवटी लाकडाची एक छोटी कडी काढून तुमच्या हातावर ठेवतात. दहा दिरहम द्या आणि पुढे व्हा.

आता घासाघीस. तुळशीबागेत किंवा क्रॉफर्ड मार्केटात वाढलेल्या माणसाला फार शिकवायला नको, पण इथले दोन-तीन नियम वेगळे आहेत. घ्यायचं नसेल तर आकडा तोंडातून काढायचा नाही. तुम्ही बोललेला आकडा दुकानदाराने मान्य केला की व्यवहार झाला असं धरतात, नंतर पाठ फिरवणं असभ्यपणा. पहिला भाव किती पट सांगितलेला असतो याचा नेम नाही, म्हणून "निम्म्यावर मागा" वगैरे सूत्रं ऐकू नका. वस्तूची आपल्याला किंमत किती हे मनाशी ठरवा आणि त्याच्या बरंच खालून सुरुवात करा. संवाद साधारण असा होतो:

"भाई, इंडिया? शाहरुख खान! तुमच्यासाठी खास, सहाशे."

"गाली बझ्झाफ. फार महाग."

"बरं, तुम्ही सांगा."

"दीडशे."

"दीडशेत तर चामडंही येत नाही! पाचशे, शेवटचं."

"राहू द्या. शुक्रान."

इथे खरोखर बाहेर पडायचं. चार पावलांत हाक आली तर अडीचशे-तीनशेवर जमतं. हाक आली नाही तर तुमचा भाव कमी होता एवढंच. पुढच्या दुकानात तीच चप्पल आहे. शाहरुखचं नाव निघालं म्हणून हुरळून जाऊ नका, पण ते अगदीच खोटंही नाही. हिंदी सिनेमा इथे मनापासून बघतात, आणि इथल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने २०१२ मध्ये भारतीय सिनेमाला मानवंदनाही दिली होती. चहा दिला तर घ्या. त्याने विकत घ्यायचं बंधन येत नाही.

केशर आणि अर्गन तेल (अर्गनच्या झाडाच्या बियांचं इथलं तेल) मात्र रस्त्यावर घेऊ नका. केशराच्या नावाखाली करडईच्या पाकळ्या विकल्या जातात, आणि केशर ओळखता येत नसेल तर स्वस्त ढीग म्हणजे हमखास करडई. रास एल-हनूत हा मिश्र मसाला घ्यायला हरकत नाही. आपल्या गोड्या मसाल्याप्रमाणेच प्रत्येक दुकानाचा वेगळा, वास घेऊन घ्या.

चामडं कमावण्याचे हौद ईशान्येला बाब देब्बाग वेशीपाशी आहेत. मी तरी पहिल्या भेटीत कोणाला सुचवणार नाही. वास भयंकर, आणि पुदिन्याची काडी नाकाशी धरायला देणारा माणूस शेवटी भलामोठा आकडा सांगतो. त्यापेक्षा तो वेळ बेन युसूफ मदरशाला द्या. सादी काळातली, १५६४-६५च्या सुमाराची ही पाठशाळा. दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडली. खालचा चौक सगळे बघतात. तुम्ही वर विद्यार्थ्यांच्या खोल्यांत जा. शंभराहून जास्त खोल्या, काही इतक्या लहान की पथारी पसरली की संपली, आणि एवढ्याशा खिडकीतून खाली तो थाटाचा चौक दिसतो.

संध्याकाळी जामा एल-फना

दिवसा हा चौक उजाड असतो. सापवाले, माकडवाले आणि मेंदीवाल्या तेवढ्या दिसतात. तिन्हींपासून लांब राहा. मेंदीवाली हात धरून नक्षी काढायला सुरुवातच करते आणि मग पैसे मागते, म्हणून हात खिशात. कोणाचाही फोटो काढलात तर पैसे द्यावे लागतात, लांबून काढला तरी.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी कडेच्या एखाद्या गच्चीवरच्या चहाघरात जागा धरा. पुदिन्याच्या चहाचे पैसे देऊन तास-दीड तास बसता येतं. खाली धूर उठायला लागतो, खाण्याच्या गाड्या मांडल्या जातात, ग्नावा या इथल्या लोकसंगीताच्या वादकांचे ढोल आणि लोखंडी चिपळ्या सुरू होतात. गोष्टी सांगणाऱ्यांची जी परंपरा इथे होती तिच्यामुळेच युनेस्कोने २००१ मध्ये या चौकाला मौखिक वारशाचा मान दिला. आता कथेकरी मोजकेच उरलेत, आणि ते दारिजात, म्हणजे इथल्या अरबीत बोलतात. गर्दीचे चेहरे बघत उभं राहायलाही हरकत नाही, पुढे वाटीत नाणं टाका.

खाणाऱ्यांसाठी मराकेशची खासियत तंजिया: मातीच्या बरणीत मांस, लसूण, जिरं, मुरवलेलं लिंबू भरून हमामच्या, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराच्या, भट्टीच्या राखेत तासन्‌तास पुरून ठेवतात. शाकाहारी लोकांनी जरा जपून. "भाज्यांचं ताजीन" (झाकणाच्या मातीच्या भांड्यात शिजवलेला पदार्थ) मांसाच्या रस्स्यात शिजवलेलं असू शकतं, हरीरा सुपातही बऱ्याचदा मांस असतं. "ब्ला ल्हम", मांसाशिवाय, असं स्पष्ट सांगा. बिसारा, म्हणजे सुक्या बाकल्याचं दाट पिठलं वरून ऑलिव्ह तेल घालून, सकाळी स्वस्तात मिळतं. वांग्याचं झालूक आपल्या भरताच्या जवळचं. म्समेन हा घडीचा पराठा मधाबरोबर खा. दोन दिवस सहज निघतात.

तिसरा दिवस: बागा

माजोरेल बागेचं तिकीट आठवडाभर आधी ऑनलाइन काढा, वेळ ठरलेली असते; दारात जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. सकाळचं पहिलं सत्र घ्या. ज्याक माजोरेल या फ्रेंच चित्रकाराने १९२३ मध्ये ही जागा घेतली, इथल्या भिंतींचा झगझगीत निळा रंग त्याचाच. पुढे बाग मोडकळीला आली तेव्हा १९८० मध्ये फॅशन डिझायनर ईव्ह सँ लोराँ आणि त्याचा जोडीदार पिएर बेर्जे यांनी ती विकत घेऊन वाचवली. बाग सुंदर आहे, पण अडीच एकरांत एवढी गर्दी की निवडुंगापेक्षा माणसंच जास्त दिसतात. दोनच दिवस असतील तर हीच गाळा.

त्याऐवजी मुआसीन भागातल्या ल जार्दँ सेक्रे, म्हणजे "गुप्त बागे"त जा. बाजारातून सरळ आत शिरता येतं. तिथे पाण्याची जुनी व्यवस्था उघडी करून दाखवली आहे. मराकेशच्या बागा, हमाम, कारंजी हे सगळं खेत्तारांवर चाललं: अ‍ॅटलास पर्वताच्या पायथ्याचं भूजल जमिनीखालच्या उताराच्या बोगद्यांतून शहरात आणायचं, पंप नाही, रहाट नाही. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच उमजेल. तत्त्व तेच.

दुपारनंतर मेनारा. शहराच्या पश्चिमेला, टॅक्सीने दहा मिनिटं. ऑलिव्हची राई, मोठा तलाव आणि काठावर हिरव्या कौलांचा बंगला, मागे हिवाळ्यापासून वसंतापर्यंत बर्फाचे डोंगर. फुलंबिलं नाहीत. इथे लोक डबे घेऊन येतात, आणि तुम्हीही तसंच जा. दिवस शुक्रवार किंवा रविवार असेल तर मेनाराऐवजी राजवाड्यामागचं अग्दाल बघा. ते सहसा त्याच दोन दिवशी खुलं असतं, राजा मुक्कामी असला तर तेही नाही. बाराव्या शतकापासूनची ही शाही बाग, संत्री, अंजीर, डाळिंब, जर्दाळूंच्या रांगाच रांगा आणि दोन प्रचंड तलाव. सावली कमी आहे. पाणी बरोबर न्या.

उरलेले दिरहम विमानतळावरच बदलून घ्या, बाहेर ते कोणी घेत नाही. बदलताना पहिल्या वेळची पावती मागू शकतात, ती पाकिटात ठेवलेली असू द्या. फक्त टॅक्सीपुरते सुट्टे वेगळे काढा.